ड्रॅगनचं रक्त, माणसाचं रक्त: टार्गेरियन वंशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेतल्या एकाच भानगडीबद्दल आहेत: टार्गेरियन घराणं आणि ड्रॅगन यांचं नातं खरंच रक्ताचं आहे का, आणि असलंच तर किती. कादंबऱ्या, 'फायर अँड ब्लड' आणि टीव्ही मालिका यांतल्या बऱ्याच गाठी इथे सुटतात. वाचायचं-बघायचं राहिलं असेल तर आधी ते उरका. सनांच्या सोयीसाठी मी 'विजयशक' असा शब्द वापरलाय. पहिल्या एगॉन टार्गेरियनने वेस्टेरॉस हा खंड जिंकला तिथून मोजलेली ही वर्षं.

पुरावा म्हणून काय धरायचं आणि काय सोडून द्यायचं?

भांडणं इथूनच सुरू होतात, म्हणून हे आधी. १९९६ ते २०११ दरम्यान आलेल्या पाच कादंबऱ्या सगळ्यात वर. त्यांतही पात्राने डोळ्यांनी पाहिलेलं आणि कुणाच्या तोंडून ऐकलेलं यात फरक करायचा. त्याखाली 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' (२०१४) आणि 'फायर अँड ब्लड' (२०१८) ही दोन इतिहासाची पुस्तकं. ती त्या जगातल्याच पंडितांनी लिहिली आहेत अशी बतावणी आहे: पहिलं मेस्टर यांडेलचं, दुसरं आर्चमेस्टर गिल्डेनचं. या पंडितांना नोकरी सांभाळायची होती, राजाची मर्जी राखायची होती. गिल्डेन तर मशरूम नावाच्या दरबारी विदूषकाच्या चावट आठवणी पुढे करतो आणि लगेच नाक मुरडतो. टीव्ही सगळ्यात खाली. तिथली कथा तिच्या वाटेने गेली, तिच्यावरून पुस्तकातलं काही सिद्ध होत नाही.

'ड्रॅगनचं रक्त' हे शब्दशः आहे की नुसता घराण्याचा तोरा?

टार्गेरियन ज्यांच्यातून आले ते व्हॅलिरिया या जुन्या साम्राज्याचे लोक, म्हणजे व्हॅलिरियन, स्वतःच सांगायचे की आम्ही ड्रॅगनांचे वंशज, हे प्राणी आमचे भाऊबंद. त्याच लोकांची दुसरी कथा अशी की ते साधे मेंढपाळ होते आणि 'चौदा ज्वाला' नावाच्या ज्वालामुखींच्या रांगेत त्यांना ड्रॅगन सापडले. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? सापडलेल्या जनावराला कुणी आजोबा म्हणत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते कळेल. रक्तात काहीतरी आहे. पण टार्गेरियन जितकं सांगतात तितकं नाही, आणि ते ज्याला 'शुद्धता' म्हणतात तिच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. इथे शोधलं की घराण्याची पंचाईत होते.

मग माणूस आणि ड्रॅगन यांचा संकर झाला ही थिअरी आली कुठून?

सेप्टन (म्हणजे धर्मगुरू) बार्थकडून, निदान अर्धी. बार्थ हा राजा पहिल्या जेहेरिसचा हँड, म्हणजे मुख्य प्रधान, लोहाराचा मुलगा आणि त्या जगातला बहुधा सगळ्यात हुशार माणूस. ड्रॅगनांवरचा त्याचा ग्रंथ पुढे राजा बेलॉरने जाळून टाकायला लावला, त्यामुळे आपल्यापर्यंत तुकडेच येतात. त्यातला एक तुकडा असा: व्हॅलिरियाच्या रक्तमांत्रिकांनी वायव्हर्न या प्राण्यावर प्रयोग करून ड्रॅगन घडवले असावेत. मेस्टर मंडळींना हे पटत नाही, कारण व्हॅलिरियाच्या उदयाआधीही वेस्टेरॉसमध्ये ड्रॅगन होते असे उल्लेख आहेत.

उरलेला अर्धा भाग चाहत्यांनी जोडला. वायव्हर्नला पंख आहेत पण आग नाही. व्हॅलिरियाच्या खाणींतल्या अग्निकृमींना आग आहे पण पंख नाहीत. दोघांची सांगड घालायला मांत्रिकांनी मध्ये माणसाचं रक्त वापरलं, आणि ज्यांचं रक्त वापरलं ती घराणी ड्रॅगनस्वार झाली. म्हणजे ड्रॅगन माणसापासून थोडा, आणि माणूस ड्रॅगनपासून थोडा.

ऐकायला भन्नाट आहे, आणि आजूबाजूला खुणाही आहेत. व्हॅलिरियाच्या अमलाखालच्या गोगोसॉस या तुरुंगवजा शहरात गुलाम बायकांचा जनावरांशी संकर घडवून अर्धमानव जन्माला घालत, असं यांडेल लिहितो. म्हणजे असले प्रयोग करायची त्यांची तयारी होती. दुसरी खूण दगडाची. पाचव्या कादंबरीत टिरियन लॅनिस्टर पालखीतून जाताना रस्त्याकडेला एक जुना व्हॅलिरियन स्फिंक्स बघतो: धड ड्रॅगनचं, चेहरा बाईचा. तिचा जोडीदार, म्हणजे राजा, डोथ्राकींनी कधीच उचलून नेलाय. सिटाडेल या मेस्टरांच्या विद्यापीठाच्या दारातल्या स्फिंक्सांचं धड मात्र सिंहाचं आहे. व्हॅलिरियन शिल्पकाराने तिथे ड्रॅगन का घातला असेल? आपल्या पूर्वजांचा पुतळा म्हणून, असं थिअरीवाले म्हणतात. मला तो नुसता राजचिन्हाचा डौलही वाटू शकतो. पण मूर्ती जोडीने होती, राजा आणि राणी, हे मात्र डोक्यातून जात नाही.

खवले आणि पंख असलेली मृत बाळं हा पक्का पुरावा नाही का?

हा सगळ्यात जड पुरावा आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

मुख्य कथेतली टार्गेरियन राजकन्या डॅनेरिस हिचा मुलगा ऱ्हेगो मृत जन्मला. अंगावर सरड्यासारखे खवले, शेपटीचा खुंट, वटवाघळासारखे चामड्याचे छोटे पंख. गादीची दावेदार टार्गेरियन राजकन्या ऱ्हेनिरा हिची मुलगी व्हिसेन्या विजयशक १२९ मध्ये मृत जन्मली. छातीत हृदयाच्या जागी भोक आणि मागे खवल्यांची आखूड शेपटी. राजा मेगॉर टार्गेरियनच्या तीन राण्यांना मृत आणि विद्रूप बाळं झाली. त्यांतल्या एलिनॉरच्या बाळाला डोळे नव्हते, पंख होते असं सांगतात. लेना व्हेलॅरियनचं बाळही विद्रूप जन्मलं आणि तासाभरात गेलं.

आता उलटतपासणी. ऱ्हेगोचं वर्णन कोण करतं? मिरी माझ दुर, जिचं गाव डॅनेरिसच्या नवऱ्याच्या टोळीने बेचिराख केलं आणि जिने सूड घेतल्याचं पुढे स्वतःच कबूल केलं. डॅनेरिस तेव्हा शुद्धीवर नव्हती. शिवाय त्याच तंबूत, त्याच वेळी रक्ताची जादू चाललेली होती. तेव्हा ऱ्हेगोची ती अवस्था वंशाने केली की जादूने, हे सांगता येत नाही. मेगॉरच्या बाळांबाबत टियाना या त्याच्याच राणीने कबुली दिली की विष मी घातलं. कबुली छळाच्या भीतीने दिली असेल, पण दिली.

तरी एक खुसपट उरतं, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. विषाने बाळ दगावेल, हातपाय वेडेवाकडे होतील. पंख कसे फुटतील? शेपटी कशी येईल? विष आधीच असलेलं काहीतरी उघडं करत असेल तरच हे जुळतं.

दुसऱ्या पारड्यात पहिला जेहेरिस आणि त्याची राणी ॲलिसेन. सख्खे भाऊबहीण, १३ मुलं. काही पाळण्यातच गेली, एक मुलगी मतिमंद होती, पण खवले, पंख, शेपटी एकालाही नाही. प्रत्येक टार्गेरियनच्या अंगात ड्रॅगन दबा धरून असता तर तेरांत एखादा तरी डोकावला असता. विद्रूप बाळांच्या आसपास जवळजवळ दर वेळी आणखी काहीतरी घडत असतं: जादू, विष किंवा, ऱ्हेनिराच्या बाबतीत, गादी बळकावल्याची बातमी ऐकून उसळलेला संताप आणि वेळेआधीच्या कळा. रक्त एकटं पुरत नाही, वर काहीतरी पडावं लागतं, असा माझा निष्कर्ष.

टार्गेरियन आगीत जळत नाहीत, बरोबर ना?

चूक. हा समज टीव्हीने पसरवला, पण त्याआधीपासून आहे. मार्टिन यांनी १९९९ मध्येच चाहत्यांना ठणकावून सांगितलं होतं की टार्गेरियनांना आगीपासून संरक्षण नाही, आणि डॅनेरिस चितेतून जिवंत निघाली तो एकदाच घडलेला चमत्कार होता.

पुस्तकांत तर जळालेल्यांची रांग आहे. डॅनेरिसचा भाऊ व्हिसेरिस वितळलेल्या सोन्याने मेला. एरियन ब्राइटफ्लेमने आपण ड्रॅगन होऊ म्हणून वाइल्डफायर हा ज्वालाग्राही द्रव प्यायला, तोही मेला. दुसरा एगॉन रूक्स रेस्टच्या लढाईत असा भाजला की चिलखत कातडीत वितळलं. समरहॉलच्या आगीत, विजयशक २५९ मध्ये, पाचवा एगॉन आणि त्याचा थोरला मुलगा गेले. जॉन स्नोने (त्याच्या टार्गेरियनपणाची थिअरी पुढे येतेच) पहिल्याच कादंबरीत पेटते पडदे फेकताना हात भाजून घेतला. खुद्द डॅनेरिसचे केस पाचव्या कादंबरीत तिच्याच ड्रॅगनच्या, ड्रॉगॉनच्या, आगीत जळतात आणि तळहातांवर फोड येतात.

तिला अतिशय कढत पाण्याने आंघोळ आवडते, हे खरं. तेवढ्यावर थिअरी उभी करू नका.

ड्रॅगनवर बसायला ते रक्त लागतंच का?

यावर घरोघर मातीच्या चुली, म्हणजे प्रत्येक चाहत्यांच्या गटात हाच वाद. आणि वादाचं केंद्र एकच पोरगी: नेटल्स.

'ड्रॅगनांचा नाच' नावाच्या यादवीत (विजयशक १२९ ते १३१) ऱ्हेनिराच्या बाजूला ड्रॅगन होते पण स्वार कमी पडले. ड्रॅगनस्टोन बेटावर टार्गेरियनांची अनौरस संतती पिढ्यान्‌पिढ्या पसरलेली होती, तिला 'ड्रॅगनबीज' म्हणत. त्यांना आवाहन गेलं. बरेच आले, बरेच मेले.

त्यांतल्या दोघांना शेजारी उभं करून बघा. चंदेरी केसांचा डेनिस सांगायचा की मी मेगॉरच्या अनौरस मुलाचा वंशज, आणि त्याचे केस-डोळे पाहून लोकांना ते पटायचंही. तो 'मेंढीचोर' नावाच्या रानटी ड्रॅगनजवळ गेला. मेंढीचोराने त्याचा हात खांद्यापासून उपटला. मुलं रक्त थांबवायला धावली, तेवढ्यात 'नरभक्षक' हा दुसरा ड्रॅगन वरून उतरला आणि बापासकट मुलांना खाऊन गेला. त्याच मेंढीचोराजवळ नेटल्स गेली. सावळी, काळ्या केसांची, नाकावर चोरीच्या शिक्षेचा व्रण. ती रोज सकाळी ताजी मारलेली मेंढी घेऊन जायची, इतकी की तो तिची वाट बघायला लागला. मग एक दिवस त्याने तिला पाठीवर बसू दिलं.

जनावर तेच, बेट तेच. एकीकडे रक्ताचा दाखला, दुसरीकडे मेंढी. मेंढी जिंकली.

रक्तवादी म्हणतात, नेटल्स छुपी टार्गेरियन असणारच. ड्रॅगनस्टोनसारख्या बेटावर ते अशक्य नाही. पण हा युक्तिवाद गोल गोल फिरतो. जी ड्रॅगनवर बसली ती टार्गेरियनच, आणि टार्गेरियनच ड्रॅगनवर बसतात! असं म्हटलं की कुठलाच पुरावा विरोधात जाऊ शकत नाही.

ड्रॅगनबीजांपैकीच ॲडम आणि ॲलिन हे सख्खे भाऊ, एकच आई, एकच बाप. ॲडमला सीस्मोक हा ड्रॅगन मिळाला, ॲलिन मेंढीचोराकडे गेला आणि भाजून परतला. त्यांचा बाप म्हणून लेनॉर व्हेलॅरियनचं नाव सांगितलं गेलं, पण खरा बाप लेनॉरचाच म्हातारा बाप कॉर्लिस अशी कुजबुज होती. ती खरी असेल तर आणखी गंमत: व्हेलॅरियन घराणं व्हॅलिरियन खरं, पण ड्रॅगनस्वारांचं कधीच नव्हतं.

डॅनेरिसचा ड्रॅगन काबूत आणायला गेलेला डॉर्नचा राजपुत्र क्वेंटिन मार्टेलही विसरू नका. त्याच्या घराण्यात दुसऱ्या डेरॉनची बहीण सून म्हणून आली होती, म्हणजे थेंबभर रक्त त्याच्यातही असणार. पोळून तीन दिवसांनी मेला. आणि ब्राउन बेन प्लम, तो तर पार बेभरवशाचा भाडोत्री, तोही खापरपणजीच्या वगैरे नात्याने ड्रॅगनरक्ताचा थेंब सांगतो, आणि डॅनेरिसच्या पिल्लांना तो चक्क आवडतो.

मला वाटतं, रक्ताने दार किलकिलं होत असेल. आत जायला सवय, धीर आणि नशीब लागतं. दार बंद असताना मेंढी घेऊन खिडकीतून जाणाऱ्याला अडवेल असा नियम मला पुस्तकांत सापडलेला नाही.

डॅनेरिस ही तरी शुद्ध रक्ताची टार्गेरियन आहे ना?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं. मीही सुरुवातीला 'शुद्ध' असंच धरून चालले होते. मग एका रात्री वंशावळ मांडून बसले.

डॅनेरिसचे आईबाप, एरिस आणि ऱ्हेला, सख्खे भाऊबहीण. त्यांचे आईबाप, दुसरा जेहेरिस आणि शेरा, तेही सख्खे भाऊबहीण. त्यांचे आईबाप म्हणजे पाचवा एगॉन आणि बेथा ब्लॅकवुड. आपल्याला चार आजीआजोबा असतात, डॅनेरिसला दोन. आपल्याला आठ पणजोबा-पणज्या, डॅनेरिसला पुन्हा दोनच. वंशावळीचं झाड वर पसरायच्या ऐवजी विजेच्या खांबासारखं सरळ जातं.

यावरून लोक म्हणतात, बघा किती शुद्ध. पण ते दोन पणजीपणजोबा कोण ते बघा. बेथा ब्लॅकवुड रिव्हरलँड्सची, फर्स्ट मेन म्हणजे वेस्टेरॉसच्या आदिवासी माणसांच्या जुन्या घराण्यातली, काळ्या केसांची, काळ्या डोळ्यांची. म्हणजे डॅनेरिसच्या अंगातलं निम्मं रक्त ब्लॅकवुडांचं. भाऊबहिणींच्या लग्नांनी ते कमी झालं नाही, उलट आत कोंडून ठेवलं गेलं.

उरलेलं निम्मं एगॉनचं. त्याची आई डायाना डेन, स्टारफॉलची. वडील मेकर, मेकरची आई मायरिया मार्टेल, डॉर्नची. म्हणजे डॅनेरिसमध्ये १/२ ब्लॅकवुड, १/४ डेन, १/८ मार्टेल, आणि उरलेलं १/८ दुसऱ्या डेरॉनचं. डेरॉनचे आईबाप भाऊबहीण होते, पण त्यांची आई लिस शहराची लारा रोगारे. तिचं रक्त व्हॅलिरियन होतं, टार्गेरियन नव्हतं. तेव्हा ज्याला टार्गेरियन म्हणता येईल असं हाती लागतं १/१६.

शेवटची शुद्ध टार्गेरियन ती हीच!

विज्ञानातली एक मोजपट्टी इथे उपयोगी पडते. आईबापांच्या नात्यामुळे एखाद्याला जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता किती, ते ती सांगते. सख्ख्या भाऊबहिणींच्या मुलासाठी हा आकडा ०.२५. स्पेनचा शेवटचा हॅब्सबर्ग राजा दुसरा चार्ल्स (१६६१-१७००) भाऊबहिणीचा मुलगा नव्हता, पण मामा-भाचीची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या झाल्याने त्याचा आकडा सुमारे ०.२५ निघतो. बिचाऱ्याला नीट चावता येत नव्हतं, मूल झालं नाही, वंश तिथेच संपला. डॅनेरिससाठी, वरच्या दोन पिढ्या धरून, गणित ०.३७५ येतं. आकडा पराकोटीचा आहे, पण तो कोंडलेपणाचा आहे, टार्गेरियनपणाचा नाही. या दोन गोष्टींची गल्लत घराण्याने मुद्दाम केली आणि वाचकांनी आनंदाने उचलली.

चंदेरी केस आणि जांभळे डोळे यांवरून काही ठरतं का?

केसांवरून घराणं ओळखता येतं, कधी कधी. ड्रॅगनपणा ओळखता येत नाही.

पुस्तकातल्या ऱ्हेनिसचे केस काळे, आई बराथियन होती म्हणून. तरी ती मेलिस या ड्रॅगनवर बसली. ऱ्हेनिराच्या थोरल्या तिन्ही मुलांचे केस आणि डोळे तपकिरी, बाप कोण यावर राजधानी कुजबुजायची, आणि तरी तिघांनाही ड्रॅगन मिळाले. उलट, डेन घराण्यात व्हॅलिरियाशी काही संबंध नसताना जांभळे डोळे दिसतात: ॲशाराचे, जेरॉल्डचे. डॅनेरिसच्या डोळ्यांचा रंग टार्गेरियनांकडून आला की पणजोबांच्या आईकडून, हे कोण सांगणार? नेड स्टार्कने बराथियनांच्या काळ्या केसांवरून सिंहासनाचं गुपित शोधलं तेव्हापासून वाचकांना केस मोजायची खोड लागलीय.

जॉनमध्ये किती ड्रॅगन?

जॉन स्नो हा राजपुत्र ऱ्हेगार टार्गेरियन आणि लियाना स्टार्क यांचा मुलगा, ही सगळ्यात जुन्या थिअऱ्यांपैकी एक. टीव्हीवर ती खरी ठरली, कादंबऱ्यांत अजून उघड झालेली नाही. पण याविरुद्ध पैज लावणारा मला भेटलेला नाही. ऱ्हेगार डॅनेरिसचा सख्खा भाऊ, म्हणजे वरचे सगळे आकडे निम्मे करा आणि उरलेलं निम्मं स्टार्कांचं घाला. स्टार्कांच्या रक्तात लांडग्यांच्या अंगात शिरायची विद्या आहे. ड्रॅगन आणि स्वार यांचं जुळणंही तशाच जातीचं असेल, तर जॉनला वारसा दोन्हीकडून आला. पण यात थोडी अडचण आहे. ड्रॅगनस्वार आपल्या अंगातच राहतो, ड्रॅगनच्या डोळ्यांनी बघत नाही.

टिरियन हा वेड्या राजाचा मुलगा आहे का?

बाजूने: केस पांढुरके, डोळे दोन रंगांचे, लहानपणापासून ड्रॅगनांचं वेड. टिरियनची आई जोआना विजयशक २७२ च्या स्पर्धेला राजधानीत आली होती, तिथे एरिसने, म्हणजे त्या वेड्या राजानेच, तिचा जाहीर पाणउतारा केला, आणि टिरियन २७३ मध्ये जन्मला. तिच्या लग्नाच्या रात्रीही एरिसने मर्यादा सोडल्याचं राजरक्षक बॅरिस्टन सांगतो. जगाच्या दृष्टीने त्याचा बाप असलेल्या टायविनचे मरतानाचे शब्दही तू माझा मुलगा नव्हेस अशा अर्थाचे.

विरोधात एकच गोष्ट, आणि माझ्यासाठी ती पुरेशी आहे. आत्या जेना टिरियनच्या थोरल्या भावाला, जेमीला, सांगते की टायविनचा खरा मुलगा टिरियन, तू नव्हेस. ती स्वभावाबद्दल बोलते. बापाने आयुष्यभर झिडकारलेला मुलगाच बापाची हुबेहूब प्रत असावा, ही त्या घराची शोकांतिका आहे. तो एरिसचा निघाला तर टायविनचा तिरस्कार न्याय्य ठरतो आणि सगळी हवा जाते.

टिरियनची थोरली जुळी भावंडं जेमी-सर्सी ही एरिसची मुलं, अशीही एक उपथिअरी आहे. ती भाऊबहिणींच्या संबंधांवर चपखल बसते म्हणून लोकांना आवडते. पुरावा त्याहून फार नाही.

कोवळा ग्रिफ खरा एगॉन की ब्लॅकफायर?

कोवळा ग्रिफ म्हणजे पाचव्या कादंबरीतला, आपण ऱ्हेगारचा मुलगा एगॉन असं सांगणारा पोरगा; ब्लॅकफायर म्हणजे टार्गेरियनांची गादीसाठी बंडं केलेली अनौरस शाखा. माझं उत्तर: ब्लॅकफायर, बहुधा. सोनेरी पलटण ही फौज बिटरस्टीलने ब्लॅकफायर वंशाला गादी मिळवून देण्यासाठीच उभी केली होती. ती लाल ड्रॅगनच्या, म्हणजे टार्गेरियनांच्या, पोरासाठी ठरलेला करार का मोडेल? इलिरियो टिरियनला सांगतो की ब्लॅकफायर संपले ते पुरुषांच्या शाखेत. हे शेवटचे शब्द कुणी उगाच बोलत नाही.

पण मला खात्री पटली ती एका पाटीने. चौथ्या कादंबरीत एका जुन्या खानावळीची गोष्ट येते. तिथे काळा लोखंडी ड्रॅगन टांगलेला असे. ब्लॅकफायरांच्या बंडानंतर तो तोडून नदीत फेकला. वर्षांनी त्याचं एक डोकं वाहत किनाऱ्याला लागलं, गंजून लाल झालेलं. काळा ड्रॅगन, पाण्यातून, लाल होऊन परत! मार्टिन असल्या जागी उगाच लोखंड गंजवत नाहीत.

वंशाच्या हिशोबात गंमत अशी की पहिल्या डेमन ब्लॅकफायरचे आईबाप दोघंही टार्गेरियन, चुलत भावंडं. अनौरस म्हणून हिणवलेला हा माणूस जन्माने त्याच्या औरस भावाइतकाच टार्गेरियन होता.

ड्रॅगनांची स्वतःची वंशावळ माहीत आहे का?

फार कमी. बार्थचं म्हणणं, आणि मेस्टर एमनला मरताना ते पटलेलं, की ड्रॅगन नर-मादी असे पक्के नसतात, ज्वाळेसारखे बदलतात. व्हर्मॅक्स या ड्रॅगनला सगळे नर समजत, पण मशरूम म्हणतो की त्याने विंटरफेलला अंडी घातली. गिल्डेनला ते हास्यास्पद वाटतं.

डॅनेरिसच्या तीन अंड्यांबद्दल इलिरियोने सांगितलं की ती आशाईपलीकडची. इलिरियो व्यापारी, मालाची कथा सांगणं त्याचा धंदा. दुसरीकडे विजयशक ५४ मध्ये एलिसा फार्मनने ड्रॅगनस्टोनहून तीन अंडी चोरून ब्राव्होसच्या सीलॉर्डला विकली, जहाज बांधायला पैसे हवे होते म्हणून. तीन आणि तीन. ब्राव्होस ते पेंटॉस अंतर ते काय? ती अंडी ड्रीमफायर या ड्रॅगनची असावीत असा चाहत्यांचा होरा. म्हणजे ड्रॉगॉन परका नाही, घरचाच.

एरियाच्या अंगात काय होतं?

रात्री वाचू नका. राजकन्या एरिया बेलेरियन या ड्रॅगनवर बसून पळाली आणि विजयशक ५६ मध्ये परतली, ताप इतका की अंग भाजत होतं. कातडीखाली काहीतरी सरपटत होतं. बार्थने तिला बर्फाच्या पाण्यात ठेवलं, आणि ते प्राणी बाहेर पडू लागले: कुणाला तोंड, कुणाला हात, एक तर हातभर लांब. थंडी लागताच मेले. बेलेरियनच्या कुशीवर नऊ फुटांची जखम होती. ती दोघं व्हॅलिरियाला जाऊन आली, असा बार्थचा तर्क.

हे अग्निकृमींचे नातलग असतील, तर माणसाच्या शरीरात वाढू शकणारं, उष्णतेवर जगणारं काहीतरी तिथे खरंच आहे. संकराच्या थिअरीला माझ्या मते बाळांपेक्षा याने जास्त बळ मिळतं, कारण इथे साक्षीदार बार्थ आहे, आणि तो खोटं बोलल्याचं कुठे आढळत नाही.

व्हॅलिरियाच्या आधी कुणी होतं का?

पहिल्या कादंबरीत डॅनेरिसला स्वप्नात राजांच्या सावल्या दिसतात, हातात फिकट ज्वाळेच्या तलवारी, आणि डोळे ओपल, ॲमेथिस्ट, टूर्मलिन, जेड अशा रत्नांच्या रंगाचे. २०१४ च्या पुस्तकात पूर्वेकडच्या एका पुरातन साम्राज्याचे सम्राट येतात, त्यांची नावंच या रत्नांची. त्यामुळे ते लोक ड्रॅगनस्वारांचे पूर्वज, असं मानतात. पूर्वेच्या पाच किल्ल्यांचा वितळवून घडवलेला काळा दगडही व्हॅलिरियन बांधकामासारखाच आहे, आणि व्हॅलिरियाहून जुना. १८ वर्षांनी लेखकाने जुना धागा उचलून नवी नावं जुळवली, इतकंही असू शकेल. तरी धागा त्यानेच उचलला.

टीव्हीवर हे सगळं वेगळं का वाटतं?

तिथे रक्ताला जास्त वजन दिलंय. 'हाउस ऑफ द ड्रॅगन'च्या २०२४ च्या भागांत ह्यू या ड्रॅगनबीजाला टार्गेरियन आई मिळते, आणि पुस्तकातली नेटल्सची जागा ऱ्हेना या राजघराण्यातल्या मुलीकडे जाताना दिसते. मेंढीवाली पोरगीच काढून टाकली की वादच मिटला. माझा राग अजून गेलेला नाही.

मग रक्तात नक्की काय उतरतं?

स्वप्नं. यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. टार्गेरियन घराण्यातल्या डेनिस नावाच्या मुलीने (चंदेरी केसांचा तो डेनिस वेगळा) व्हॅलिरियाचा विध्वंस स्वप्नात पाहिला, म्हणून घराणं १२ वर्षं आधीच निघालं आणि वाचलं. डेरॉन या दारुड्या राजपुत्राला मेलेला ड्रॅगन डंक या भटक्या योद्ध्यावर कोसळलेला दिसला. प्रत्यक्षात मेला तो राजपुत्र बेलॉर. व्हाइटवॉल्सच्या स्पर्धेत दुसऱ्या डेमन ब्लॅकफायरने छातीठोकपणे सांगितलं की या किल्ल्यात अंडं फुटून ड्रॅगन बाहेर येणार, मी स्वप्नात पाहिलंय. त्याने अंडं शोधलं, जपलं, लोक जमवले. अंडं चोरीला गेलं आणि बंड फसलं.

त्या वेळी तिथे डंकचा एक पोऱ्या होता, डोकं भादरलेला, बुटात राजघराण्याची अंगठी लपवलेला. त्याला सगळे 'एग' म्हणायचे. पुढे तोच पाचवा एगॉन झाला, आणि बेथा ब्लॅकवुडशी त्याने लग्न केलं.